बस चालवायला संशोधन कशाला लागतं?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. यंदा काकांनी विचारला. आयुष्यभर एसटीत वाहक होते ते. "अगं, बस चालवायला संशोधन कशाला लागतं? त्या पैशात दोन गाड्या जास्त घ्या की!"

अमेरिकेतल्या एका मध्यम शहराच्या बससेवेत मी वेळापत्रकं लावते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते काका, आम्हाला एक गाडी संशोधनानेच मिळाली.

सकाळी साडेसातची वेळ, थांब्यावर तीस माणसं, आणि चढायला पुढचं एकच दार. आमच्याकडे वाहक नसतो, प्रत्येकाने चालकाशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. एक आजी पर्स उघडून नाणी मोजतात, मागे रांग थांबते. मी तिथे स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले आहे. बसची क्षमता मोजण्याची एक पुस्तिका आहे, २००३ ची. तिच्यात हे आकडे दिलेत: बरोबर सुटे पैसे टाकून चढायला माणशी साधारण ४ सेकंद, तिकीट आधीच काढलेलं असेल तर अडीच. आत माणसं उभी असतील तर आणखी अर्धा सेकंद.

दीड सेकंदाचा फरक. तीस माणसांमागे ४५ सेकंद. गर्दीचे असे चार थांबे धरले की तीन मिनिटं. ६३ मिनिटांच्या फेरीत दर दहा मिनिटांनी बस सोडायची तर सात गाड्या लागतात. फेरी साठावर आली की सहा पुरतात. सातवी गाडी दुसऱ्या मार्गाला मोकळी! आम्ही गर्दीच्या थांब्यांवर फुटपाथवरच तिकिटाची यंत्रं बसवली, ती हा हिशेब नगरपरिषदेपुढे मांडून.

ही पुस्तिका टीसीआरपीची. सार्वजनिक वाहतुकीसाठीचा हा सहकारी संशोधन कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याचा, कारभार वॉशिंग्टनच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाकडे. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की प्रश्न प्राध्यापकांनी शोधायचा नसतो. ज्याची बस अडते तो दोन-चार पानांत अडचण लिहून पाठवतो. निवडलेल्या प्रश्नावर बससेवेतल्याच माणसांचं पॅनेल बसतं, तेच संशोधक निवडतं आणि मसुदे तपासतं. मी अशा एका पॅनेलवर होते. मानधन नाही, आणि पॅनेलवरच्या माणसाला किंवा त्याच्या कंपनीला त्या कामाची निविदाही भरता येत नाही. मसुद्यात "प्रवाशांचा प्रतीक्षाकाळ" असं लिहून आलं की आमच्यातलं कुणीतरी विचारायचं, "पावसात की उन्हात?" शेवटी अहवाल सगळ्यांना फुकट. दहा-बारा गाड्यांच्या गावाला स्वतःचा संशोधन विभाग कुठून परवडणार? त्याच्या हातात तीच पुस्तिका पडते जी न्यूयॉर्कच्या हातात असते.

विमानतळांचं याहून अवघड. अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय विमानतळ आराखड्यात तीन हजारांहून जास्त विमानतळ आहेत, त्यातले बहुतेक अगदी छोटे. त्यांच्यासाठी असाच सहकारी संशोधन कार्यक्रम आहे, एसीआरपी, २००३ च्या कायद्याने मंजूर झालेला. थंडीत विमानावरचा बर्फ काढायला ग्लायकॉल फवारतात. ते ओढ्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. ते कुठे साठवायचं, कसं शुद्ध करायचं, हे प्रत्येक विमानतळाने आपापल्या ओढ्यावर चुका करत शिकायचं का? त्यावरही मार्गदर्शिका निघाली. टर्मिनलमधल्या पाट्या कशा असाव्यात, दारासमोर गाड्यांची कोंडी का होते, यावरही.

आणि काका, हे काही फक्त अमेरिकेतलं नाही. तुमच्या भोसरीची सीआयआरटी, म्हणजे रस्ते वाहतुकीवर संशोधन करणारी संस्था, १९६७ सालची. राज्यांच्या एसटी महामंडळांची संघटना आणि केंद्र सरकार, दोघांनी मिळून उभी केलेली.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही स्टँडवरच तिकिटं फाडायचो, गाडी सुटायच्या आधी. खिडक्यांखालून फिरून. वाटेत फाडत बसलो तर पुढच्या थांब्यापर्यंत संपायची नाहीत."

मी वही काढली आणि विचारलं, "एका माणसाला किती वेळ लागायचा, काका?"