जुलै 1914 चं टाइमटेबल

शाळेत हा प्रश्न ठरलेला: 'पहिल्या महायुद्धाची दूरगामी व तात्कालिक कारणे लिहा.' दूरगामीत साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रास्त्रस्पर्धा. तात्कालिकात साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. झालं, गुण मिळाले. पण खून झाला 28 जून 1914 ला आणि ब्रिटन युद्धात उतरलं 4 ऑगस्टला. मधले 37 दिवस गाइडात दोन ओळींत उरकतात. खरी गोम तिथेच आहे.

पहिले तीन-साडेतीन आठवडे तर सगळं संथच चाललं होतं. 5 जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला 'काय ते करा, आम्ही पाठीशी आहोत' असा शब्द दिला. तरी ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला तो 23 जुलैला. एक तर बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते. शिवाय फ्रान्सचे अध्यक्ष त्यांच्या मित्रदेशात, रशियात पाहुणे होते. ते परतीच्या बोटीवर चढेपर्यंत खलिता हातात ठेवला गेला. मुदत 48 तासांची. सर्बियाने जवळपास सगळं मान्य केलं. आपल्या हद्दीतल्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला तेवढा नकार दिला. 28 जुलैला युद्ध जाहीर झालं, पण ते अजून दोघांचंच होतं.

त्यानंतर सूत्रं गेली रेल्वेच्या टाइमटेबलकडे.

त्या काळी शांततेत फौज लहान असायची. युद्धाची वेळ आली की राखीव माणसांना बोलावणं जायचं, त्यांना डेपोत गणवेश आणि रायफली मिळायच्या, घोडे जमा व्हायचे आणि हा सगळा पसारा गाड्यांत भरून सरहद्दीला न्यायचा. याला म्हणायचं मोबिलायझेशन. जर्मनीच्या एका कोअरला, म्हणजे फौजेच्या एका मोठ्या तुकडीला, सुमारे 6,000 डबे लागत. म्हणजे 140 गाड्या, आणि तेवढ्याच आणखी रसद वाहायला. असे 40 कोअर. कोलोनजवळच्या ऱ्हाइनवरच्या एका पुलावरून 2 ते 18 ऑगस्टच्या दरम्यान 54 डब्यांच्या 2,150 गाड्या गेल्या, साधारण दर 10 मिनिटांना एक.

तीन मिनिटांना लोकल बघणाऱ्या मुंबईकराला यात काय विशेष, असं वाटेल. पण आपली लोकल अर्ध्या मिनिटात रिकामी होते. इथे घोडे उतरवायचे, त्यांना पाणी पाजायचं, तोफा रॅम्पवरून खाली घ्यायच्या आणि रिकामे डबे दुसऱ्या मार्गाने परत धाडायचे. ठाण्याला ओव्हरहेड वायर तुटली की बदलापूरचा माणूस रात्री किती वाजता घरी पोचतो, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. असलं टाइमटेबल सुरू करता येतं, नाहीतर बंद ठेवता येतं. अर्धवट चालवता येत नाही.

सर्बियाच्या पाठीशी उभ्या असलेल्या रशियाच्या झार निकोलसची अडचण नेमकी हीच झाली. त्याला फक्त ऑस्ट्रियाच्या रोखाने, म्हणजे कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान या चार लष्करी विभागांपुरतंच मोबिलायझेशन हवं होतं. सेनापती म्हणाले, तशी योजनाच तयार नाही. अर्धं सुरू केलं तर पुढे पूर्ण करताना माणसं आणि डबे भलतीकडे अडकतील. 29 जुलैच्या रात्री कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, तार आल्यावर झारने पूर्ण मोबिलायझेशनचा हुकूम मागे घेतला, आणि 30 ला दुपारी पुन्हा दिला. रशिया अवाढव्य, रेल्वे विरळ. उशीर झाला तर आपण मागे पडू ही भीती खरीच होती. त्यात 1909 मध्ये बोस्नियाच्या प्रश्नावर रशियाने अपमान गिळला होता. टळलेल्या युद्धाचं बिल असं पुढच्या वेळी येतं.

जर्मनीची योजना उभी होती ती रशियाच्या या संथपणावरच. सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं, मग गाड्या पूर्वेला वळवायच्या. म्हणजे रशियाने गाड्या हलवल्याचा प्रत्येक दिवस त्या सहा आठवड्यांतून वजा. त्याहून वाईट भाग लिएजचा. फ्रान्सकडे जाणारा रेल्वेमार्ग बेल्जियमच्या या किल्लेबंद शहरातून जात होता, आणि ते पहिल्या काही दिवसांतच घ्यायला हवं होतं. इतर देशांना मोबिलायझेशन करून सरहद्दीवर थांबता आलं असतं. जर्मनीच्या योजनेत थांबायला जागाच नव्हती. 1 ऑगस्टला कैसरने सरसेनापती मोल्टकेला विचारलं, सगळी फौज पूर्वेलाच नेली तर? मोल्टकेने साफ नकार दिला. गंमत म्हणजे रेल्वे विभागाचे प्रमुख जनरल श्टाब यांनी युद्धानंतर पुस्तक लिहून दाखवलं की ते जमलं असतं. पण फक्त पूर्वेकडे जाण्याची पर्यायी योजना मोल्टकेने 1913 मध्येच बंद केली होती. ऐनवेळी मांडायला टेबलावर एकच कागद होता.

मुंबईच्या वाट्यालाही यातलं आलं. 16 ऑक्टोबर 1914 ला पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड, तिच्यात 117वी मराठा पलटण, मुंबईहून इराणच्या आखाताकडे निघाली. इराणमधल्या अबादानचं तेल सांभाळायचं होतं. ब्रिटनने तुर्कस्तानाशी युद्ध पुकारलं 5 नोव्हेंबरला. शत्रू ठरायच्या तीन आठवडे आधी पलटण बोटीवर होती.

1962 मध्ये क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया याच वळणावर आले होते. केनेडींनी हल्ल्याऐवजी नाकेबंदी निवडली, तिला 'क्वारंटाइन' म्हटलं, आणि 800 सागरी मैलांवर आखायची रेषा 500 वर आणली, का तर रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांना विचार करायला थोडे तास जास्त मिळावेत. निरोप मात्र इतक्या सावकाश पोचत होते की पुढच्याच वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये हॉटलाइन टाकली गेली. सिनेमातला लाल फोन विसरा. ते टेलिप्रिंटर होते. लिहिलेलं वाचताना माणूस जरा तरी थांबतो.

भारत आणि पाकिस्तान महासत्ता नसतील, पण घड्याळ त्यांच्यासाठी जास्त वेगाने चालतं, कारण सरहद्द एकच आहे. 2005 च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर किमान तीन दिवस आधी कळवायचं. विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. 9 मार्च 2022 ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि काही मिनिटांत पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती. चूक झाल्याचं दिल्लीचं निवेदन आलं 11 मार्चला.