२७० रुपयांची गोष्ट

ठाण्यातील आमच्या रग्बी क्लबचे स्नेहसंमेलन दरवर्षी दिवाळी आणि नाताळ यांच्या मधल्या एखाद्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात भरते. दीपप्रज्वलन, अहवाल आणि जमाखर्च यांविषयी लिहिण्याजोगे काही नाही. जमाखर्च मीच वाचतो आणि तेवढा वेळ सभागृहात कुजबुज चालते.

खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो. ज्यांनी हा क्लब उभा केला ते आमचे भूगोलाचे सर उठतात आणि तीच गोष्ट पुन्हा सांगतात. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात रग्बीचा सामना झाला आणि त्यातूनच पुढे कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. परंतु पलटण बदलून गेली, पोलो आणि टेनिस यांनी खेळाडू ओढून नेले, मोफत मद्याची सोय बंद झाली आणि सभासद गळाले. येथे सर रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून म्हणतात, "आपल्याकडे वडापाव अजून बंद केलेला नाही, तरी ही स्थिती!" टोला बरोबर बसतो. मुंबईत जिमखान्यावर सामना असला की छायाचित्रात पुढे उभे राहणारे काही जण संमेलनाच्या दिवशी घोडबंदर रोडच्या वाहतुकीत अडकलेले असतात. कर्जतहून येणारा आमचा एक जुना खेळाडू मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही.

त्या क्लबचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार एकच गृहस्थ होते, हे सांगताना सर माझ्याकडे बोट दाखवतात. क्लब मोडताना बँकेतील शिल्लक काढून २७० चांदीचे रुपये वितळवण्यात आले, आणि तीन नागांचे कान व झाकणावर हत्ती असलेला करंडक घडवून तो १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. पहिलाच सामना बरोबरीत सुटला.

ही गोष्ट ऐकताना माझा गळा दाटतो, त्याला कारण आहे. सरावाचे मैदान आमच्या हातून गेले, त्या वर्षी क्लब बंद करण्याचा ठराव मीच लिहून नेला होता. सभेला नऊ जण आले होते. सरांनी ठराव वाचला नाही, ही गोष्ट सांगितली आणि विचारले, "आपल्या खात्यात काय वितळेल?" शिल्लक दोन चेंडूंपुरती होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन चेंडू विकत घेतले आणि पुढचा पावसाळा, मैदान मिळेपर्यंत, एका मोकळ्या भूखंडावरील चिखलात काढला.

गोष्टीत सरांनी भर घातली ती एकदाच. २०१९ साली भारतीय महिला संघाने मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, तेव्हा ते वाक्य बोलताना ते मागच्या रांगेतील आमच्या मुलींकडे पाहत होते. यंदा आवाज साथ देईना, म्हणून त्यांनी गोष्ट त्यांतल्याच एकीला सांगायला लावली. तिने २१७ रुपये म्हणताच सरांनी बसल्या जागेवरून "२७०" अशी दुरुस्ती केली.

आता आभार, कारण व्यासपीठावर कोणी ना कोणी राहून जातेच. पहाटे चुन्याच्या रेषा आखणारे माळीकाका. चिखलाने माखलेल्या जर्सी धुऊन देणाऱ्या वहिनी. सीटवर प्लास्टिक अंथरून का होईना, पण आम्हांला स्टेशनपर्यंत सोडणारे रिक्षावाले काका. खर्चापुरतेच पैसे घेऊन दातांचे गार्ड बनवून देणाऱ्या डॉक्टर ताई. टॅकलच्या बॅगा स्वतःच्या टेम्पोतून आणणारे दादा. निखळलेला खांदा घेऊन आलेल्या मुलासोबत रात्रभर रुग्णालयात बसलेले त्याच्या मित्राचे वडील. आणि सभागृहाची किल्ली घेऊन रविवारी घरून येणारे शाळेचे शिपाईमामा. मैदानाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या मावशींचा उल्लेख गेल्या वर्षी राहिला होता आणि त्या ते विसरलेल्या नाहीत. त्यांची ऑगस्टपासूनची उधारीही माझ्या वहीत बाकी दिसते. वर्गणी जमताच ती प्रथम फेडली जाईल.