कोळशाच्या इस्त्रीने मिळवून दिलेलं गेमचं काम

मी ठाण्यात कोलशेत रोडला राहते आणि परदेशी गेमसाठी प्रॉप्स करते. प्रॉप्स म्हणजे हिरो किंवा राक्षस नव्हेत, तर त्यांच्या आजूबाजूला पडलेली खोकी, कंदील, कुलपं, पिंपं. हिरो करायला सगळ्यांनाच आवडतं, पण गेमला हिरो लागतात मोजके आणि खोकी-कुलपं शेकड्यांनी. आउटसोर्सिंगला, म्हणजे स्टुडिओ बाहेरच्यांकडून करून घेतो त्या कामात, बहुतेक हेच येतं.

त्याआधी ऐरोलीच्या एका ऑफिसात बिल्डरांसाठी थ्रीडी व्ह्यू काढायचे. घोडबंदरच्या टॉवरांची ब्रोशर्स, आकाश कायम निळं आणि रस्त्यावर ट्रॅफिक नाही, असली. सॉफ्टवेअर येत होतं, पण गेमचं गणित वेगळं. ब्रोशरच्या एका चित्राला रेंडर, म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरने चित्र काढणं, रात्रभर चालला तरी कुणाचं काही अडत नाही. गेममध्ये तेच दृश्य सेकंदाला ३० किंवा ६० वेळा काढावं लागतं. म्हणून आधी सगळ्या बारकाव्यांसकट जड मॉडेल करायचं, मग कमी त्रिकोणांचं हलकं (थ्रीडी मॉडेल छोट्या त्रिकोणांचंच बनतं), आणि जड मॉडेलवरच्या खाचा-ओरखडे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उठाव असल्याचा भास देणाऱ्या चित्रात, बेक करून (उतरवून) हलक्यावर चढवायचे. हे मी नोकरी सांभाळून, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर शिकले. ब्लेंडर फुकट आहे, हे त्या काळात फार मोठं कारण होतं.

पोर्टफोलिओ टाकायचा तो आर्टस्टेशन या कलाकारांच्या वेबसाइटवर, कारण कामं देणारे तिथेच बघतात. पण तिथे तलवारी आणि साय-फाय बंदुकांचा नुसता खच पडलाय. मी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांची कोळशाची पितळी इस्त्री घेतली. काकांनी ती गार झाल्यावर हातात दिली, मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मजा होती ती तिच्या झिजेत. लाकडी मूठ जिथे तळहात बसतो तिथे तुळतुळीत, कडेला खरखरीत. भोकांच्या काठाला राख. झाकणाच्या कडीपाशी पितळ काळं पडलेलं. सब्स्टन्स पेंटर या मॉडेल रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगापेक्षा रफनेस मॅपवर, म्हणजे पृष्ठभाग कुठे चकचकीत आणि कुठे खरखरीत ते ठरवण्यात, जास्त वेळ गेला, कारण वस्तू वापरलेली वाटते ती तिथे. शेवटच्या चित्राबरोबर वायरफ्रेम (मॉडेलच्या रेषांची जाळी) आणि यूव्हीसुद्धा (रंगवण्यासाठी मॉडेलचा उलगडून सपाट केलेला पृष्ठभाग) टाकले.

मग ईमेल पाठवत सुटले. उत्तरं फारशी आली नाहीत. २०२३ पासून जगभर गेम स्टुडिओंनी माणसं कमी केली, त्यातले मुरलेले लोकही फ्रीलान्सच्याच रांगेत उभे. काम आलं ते ओळखीतून. ऐरोलीचा जुना सहकारी पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत लीड झाला होता. त्याचा फोन आला, "अगं, तुझी इस्त्री आमच्या आर्ट डायरेक्टरला दाखवली. वायरफ्रेम स्वच्छ आहे म्हणाला. टेस्ट देशील?"

टेस्ट एका कंदिलाची, तीही पैसे देऊन. याआधी दुसऱ्या एका स्टुडिओने टेस्ट म्हणून अख्ख्या स्वयंपाकघराचं सामान फुकट मागितलं होतं. पैसे विचारले तर म्हणे पद्धत नाही. मी नाही म्हटलं. एका वस्तूची टेस्ट समजू शकते, पण सेटभर सामान म्हणजे सरळ फुकटात काम.

साखळी अशी असते: परदेशातला गेम बनवणारा स्टुडिओ इथल्या आउटसोर्सिंग स्टुडिओला काम देतो, तो भार वाढला की आमच्यासारख्यांना. एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केली की गेमचं नावही घरी सांगायचं नाही. (सासूबाईंना वाटतं मी काहीतरी लपवतेय. लपवतेच आहे.) केलेलं काम गेम बाहेर येईपर्यंत, तेही परवानगी मिळाली तरच, पोर्टफोलिओत टाकता येतं. त्यामुळे स्वतःच्या इस्त्र्या-कंदील चालूच ठेवावे लागतात.

पुढचं काम मिळतं ते दिसण्यावर कमी आणि फाइलवर जास्त, हे माझं ठाम मत. नाव त्यांच्या नियमाने, माप खऱ्या सेंटिमीटरमध्ये, पिव्हट, म्हणजे वस्तू ज्या बिंदूभोवती फिरते तो, तळाशी. लीडला माझी फाइल उघडून काही दुरुस्त करावं लागलं नाही, तर पुढची बॅच माझ्याकडेच येते.

पैशांचं थोडक्यात. दर वस्तूमागे ठरवते, पण आधी कामाचे दिवस मोजून. दोन फेऱ्यांपर्यंतचे बदल दरात धरलेले, तिसऱ्या फेरीपासून वेगळे पैसे, हे ईमेलवर लिहून घेते. भारतीय स्टुडिओ टीडीएस कापतो, तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसतो का बघायचं. आता एक परदेशी स्टुडिओ थेट काम देतो. त्याचे पैसे बँकेत आले की पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा ठरलेला कोड, सांगावा लागतो आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवावा लागतो. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. वर गेली की नोंदणी करून एलयूटी हे हमीपत्र भरायचं, म्हणजे निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. हे सगळं आमच्या नौपाड्याच्या सीएंकडून शिकले.

बिल मंजूर झाल्यावर ३० दिवसांनी पैसे, असा करार असतो. प्रत्यक्षात कधी ४५ होतात. म्हणून नव्या माणसाकडून कामाआधी काही रक्कम आगाऊ घेतेच, आणि ती मागताना आता जीभ अडखळत नाही.