शून्यांनी भरलेली डिस्क

बेळगावात टिळकवाडीला माझे डेटा रिकव्हरीचे काम चालते. आलेली हार्ड डिस्क आधी राइट ब्लॉकरला, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला, जोडायची, तिची सेक्टरनिहाय (डिस्कच्या एकेका लहान कप्प्याची) प्रत काढायची आणि पुढचा सारा शोध त्या प्रतीवरच घ्यायचा, हा आमचा नियम आहे. पावसाळ्यात खानापूरकडचे एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक एक टेराबाइटची डिस्क घेऊन आले. तिच्यात एका वाड्यातील मोडी कागदांची छायाचित्रे होती आणि मूळ कागदांचा भिजून लगदा झाला होता.

मी सरांना प्रतीचा एन्ट्रॉपीचा, म्हणजे बाइटांमधील अनिश्चिततेचा, आलेख दाखवला. जेपेग छायाचित्रे असतील तेथे तो दर बाइटमागे आठ बिटांजवळ चढतो, कारण दाबून बसवलेल्या माहितीत पुढचा बाइट कोणता येईल हे सांगता येत नाही. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे माप बांधले ते याच अनिश्चिततेवर. क्विक फॉरमॅट झाला असता तर फायलींची यादी तेवढी पुसली गेली असती आणि 'एफएफ डी८ एफएफ' ही जेपेगची सुरुवात शोधत मी बरीच छायाचित्रे उचलली असती. येथे मात्र सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर आलेख शेवटपर्यंत शून्यावर होता. कोणा दुकानदाराने मालकाला न विचारता फुल फॉरमॅट केला होता, आणि विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहितो. अशा माणसाला मी कारागीर मानत नाही.

"कागद गेले म्हणजे कुठे गेले?" असे विचारून सरांनी स्वतःच पावतीच्या पाठीवर गणित मांडले. एक बिट पुसताना खोलीच्या तापमानाला किमान २.९ × १०⁻²¹ ज्यूल उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये मांडले आणि फ्रान्समधील लिऑनच्या प्रयोगशाळेत २०१२ मध्ये ते मोजून पाहिले गेले. संपूर्ण डिस्कसाठी ही किमान उष्णता एका ज्यूलच्या कोट्यंशाहूनही कमी भरते. प्रत्यक्षात डिस्क त्याच्या कितीतरी पट तापते. सरांचे म्हणणे असे की, भौतिकशास्त्राचे मूळ नियम काळात मागेपुढे सारखेच चालत असल्याने ते कागद हवेच्या रेणूंच्या हालचालीत तत्त्वतः शिल्लक आहेत. फक्त ते वाचणे कोणालाही शक्य नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर तर पदार्थच मुळात माहितीतून उभा राहतो असे म्हणत, आणि त्यांचे विद्यार्थी बेकेन्स्टाइन यांच्या मांडणीत कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या आकारमानाच्या नव्हे, तर पृष्ठभागाच्या प्रमाणात असते. लँडॉअर यांचे मला पटले आहे, कारण ते मोजता आले. व्हीलर यांच्यापाशी मी अजून अडतो: माहिती जर पाया असेल, तर ती कोणत्या वस्तूवर लिहिलेली असते, हा सरांनाही विचारलेला प्रश्न माझ्यापाशी तसाच आहे.