बाहेरचं मशीन सुस्कारा सोडेनासं झालं तेव्हा

भोगीची सकाळ होती. १३ जानेवारी २०२५. मी वांगी चिरत होते, तीळ भाजून झाले होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हॉलमधल्या जाळीतून गारच हवा येतेय. तुझं ते मशीन बिघडलंय."

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कॅरी गावात राहतो. इथली थंडी शिकागोसारखी हाडं गोठवणारी नसते. दिवसा ऊन असलं तर नुसत्या जॅकेटवर भागतं, रात्री मात्र पारा शून्य सेल्सियसच्या खाली जातो. अशा हवेला हीट पंप चांगला, म्हणून या भागात पुष्कळ घरांत तोच दिसतो. आमच्याकडे गॅसची भट्टी नाहीच. उन्हाळ्यात एसी म्हणून चालतं तेच मशीन हिवाळ्यात उलटं चालतं आणि बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतं. आईंना मी पहिल्या आठवड्यात समजावलं होतं, की फ्रीजच्या पाठीला हात लावला तर गरम लागतो ना, तसं समजा. आतल्या भाजीतली उष्णता फ्रीज मागे आणून टाकतो. इथे अंगण म्हणजे फ्रीजचं पोट आणि आपलं घर म्हणजे फ्रीजची पाठ.

थर्मोस्टॅटवर ७० फॅरनहाइट लावलेलं होतं, घरात होते ६३. म्हणजे जेमतेम १७ सेल्सियस. पडद्यावर 'ऑक्स हीट' ही अक्षरं दिसत होती. ती मी आधीच्या दहाएक दिवसांत येता-जाता पाहिली होती आणि थंडी जास्त आहे म्हणून असेल, असं समजून सोडून दिली होती. ते सोडून द्यायला नको होतं. ऑक्स हीट म्हणजे एअर हँडलरमधल्या, म्हणजे घरात हवा फिरवणाऱ्या आतल्या मशीनमधल्या, विजेच्या कॉइल. गिझरमध्ये असते तशीच साधी तापणारी तार. आमच्याकडच्या कॉइल १० किलोवॅटच्या आहेत, म्हणजे तासाभरात १० युनिट. तेवढीच उष्णता हीट पंप बऱ्या हवेत साधारण एक तृतीयांश विजेत देतो. दिवसातून बारा तास त्या कॉइल चालल्या तर १२० युनिट होतात, आणि आम्हाला तेव्हा युनिटमागे साधारण १४ सेंट पडायचे. म्हणजे एका दिवसाचे सतरा डॉलरच्या आसपास.

बाहेर जाऊन पाहिलं तर पोटात गोळाच आला. आउटडोअर युनिट चारी बाजूंनी बर्फात बंद. नुसतं दंव नव्हे, बोटभर जाडीचा पांढरा घट्ट थर. वरच्या जाळीपर्यंत बर्फ चढला होता आणि पंख्याचं पातं त्याला घासून खडखड वाजत होतं.

नवरा कामासाठी टेक्सासला गेलेला. मी चुलीवर, म्हणजे इथल्या विजेच्या शेगडीवर, मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं आणि त्याला फोन लावला. त्याने आधी पाणी खाली उतरवायला लावलं. उकळतं पाणी ओतायचं नाही आणि सुरी, उलथनं, पेचकस काहीही घेऊन बर्फ खरवडायचा नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कागदासारख्या असतात, त्यांच्यातून तांब्याची नळी जाते, आणि नळीला भोक पडलं की आतला उष्णता वाहून नेणारा सगळा गॅस गेला. थर्मोस्टॅट 'इमर्जन्सी हीट'वर टाक, एवढंच त्याने सांगितलं. त्यावर बाहेरचं मशीन पूर्ण थांबतं आणि घर फक्त कॉइलवर तापतं. वीज भरपूर जाते, पण पंखा मोडण्यापेक्षा ते परवडतं. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि गारठ्यात त्यांचा पाय धरतो. मला तेव्हा बिलापेक्षा त्या पायाचीच काळजी होती. त्यांच्या खोलीत एक छोटा हीटर लावला, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन बोर्डवर दीड हजार वॅटचा हीटर लावू नये, वायर तापून आग लागते.

संक्रांतीच्या दिवशी एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. नाव लिहीत नाही. येण्याचेच १२९ डॉलर. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, फोटो काढले, पाटीवरचं उत्पादनाचं वर्ष पाहिलं आणि वीस मिनिटांत डायनिंग टेबलावर टॅब्लेट उघडून बसला. म्हणाला, मशीन अकरा वर्षांचं आहे, कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतोय. यात आर-४१०ए गॅस आहे, सरकारने तो बंद केलाय, पुढे मिळणार नाही. नवीन सिस्टिम १३,८०० डॉलर, सरकारी करसवलत २,००० पर्यंत, हप्ते करून देतो, पण हा भाव फक्त आजचा.

घर गार, म्हातारं माणूस घरात, नवरा बाहेरगावी. सही करायला बोट उचललंच होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण त्या 'फक्त आजचा' या शब्दांनी मी सावध झाले. मी विचारलं, "कॉम्प्रेसर गेलाय हे कशावरून? तुम्ही काय मोजलंत?" तो म्हणाला, एवढा बर्फ आहे म्हणजे उघडच आहे. मी पुन्हा विचारलं, आकडा काय आला? त्याच्याकडे आकडा नव्हता. त्याने मीटर बॅगेतून काढलंच नव्हतं. मी पैसे दिले, कोटेशन ठेवून घेतलं आणि विचार करून कळवते म्हटलं.

गॅसचं त्याचं बोलणं अर्धंच खरं होतं. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापराची नवीन मशीन आर-४१०एवर बनवता येत नाहीत, हे खरं. वातावरण तापवण्यात तो गॅस फार जोरकस, म्हणून नव्या मशीनमध्ये आर-४५४बीसारखे गॅस आले. पण आधीपासून चालू असलेली मशीन दुरुस्त करायला, त्यात ४१०ए भरायला कसलीही बंदी नाही. नियमाची अर्धी बाजू सांगून घाबरलेल्या माणसाकडून सही घेणं मला अजूनही पटत नाही, आणि हा अनुभव लिहायला बसले त्यामागे तेच मोठं कारण आहे.

संध्याकाळी तिळगुळाला आलेल्या मैत्रिणीने एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा नंबर दिला. एकटाच काम करतो, स्वतःची व्हॅन आहे. फोन करण्याआधी मी एक काम केलं. नॉर्थ कॅरोलायनात हीटिंगचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याच्या बोर्डाचं लायसन्स लागतं आणि बोर्डाच्या साइटवर ते कोणालाही पाहता येतं. त्याचं होतं, चालू होतं. त्याशिवाय गॅसला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या नियमाप्रमाणे 'सेक्शन ६०८'चं प्रमाणपत्र असावं लागतं. तेही फोनवर विचारून घेतलं. त्याला राग आला नाही. उलट म्हणाला, बरं केलंत विचारलंत.

तो गुरुवारी दुपारी आला आणि मशीनला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारत बसला. कधीपासून? फिल्टर कधी बदलला? ब्रेकर पडला का? आणि मग, "हे मशीन वाफ सोडताना शेवटचं कधी पाहिलंत?"

मला सांगता येईना. दिवसभर मी ऑफिसच्या खोलीत, दार बंद. मी आईंना मराठीत विचारलं आणि त्यांनी उत्तर तयारच ठेवल्यासारखं दिलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीखालीच ते युनिट आहे. "मी आले तेव्हा थंडीच्या दिवशी तासा-दीड तासाने ते मोठा सुस्कारा सोडायचं. फुस्स करून. मग पंखा थांबायचा आणि बंबासारखी वाफ निघायची. पहिल्यांदा मला वाटलं पेटलंय. नाताळ झाला तेव्हापासून सुस्कारा नाही."

मी भाषांतर करून सांगितलं. म्हातारा थांबला, आईंकडे पाहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, माझं अर्धं काम यांनी केलं.

मग त्याने समजावलं. हिवाळ्यात बाहेरची कॉइल, म्हणजे बाहेरच्या मशीनमधली पट्ट्यांतून जाणारी ती गॅसची नळी, हवेपेक्षाही थंड असते. बाहेर ३५-४० फॅरनहाइट असलं तरी कॉइल गोठणबिंदूच्या खाली असते, म्हणून दमट हवेतलं पाणी तिच्यावर दंव होऊन बसतं. कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा या ओलसर थंडीतच दंव जास्त. ते वितळवायला मशीन मधूनच काही मिनिटं उलटं फिरतं, म्हणजे एसीसारखं चालतं. गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, पंखा थांबतो, दंव वितळून वाफ उठते. गॅसची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह सरकतो, त्याचा तो फुस्स आवाज. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. आमचं मशीन डीफ्रॉस्ट करत नव्हतं. दंवावर दंव चढत गेलं, हवा आत शिरेना, उष्णता मिळेना, आणि घराचा सगळा भार आतल्या विजेच्या कॉइलवर आला.

आई मध्येच म्हणाल्या, "गॅस संपला असेल, भरून घे ना." साताऱ्यात फ्रीज बिघडला की पहिलं निदान हेच असतं. मी तेही त्याला विचारलं. तो म्हणाला, हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय जो नुसता गॅस भरून जातो तो पुढच्या वर्षी परत पैसे घ्यायला येतो.

त्याने वीज तोडली आणि बागेच्या नळीने साध्या पाण्याने बर्फ उतरवला. दुपारचं ऊन होतं म्हणून ते पाणी पुन्हा गोठलं नाही. पाऊण तास लागला. मग एकेक भाग मोजत गेला आणि प्रत्येक आकडा मला दाखवत गेला. मोटर चालवायला लागणाऱ्या कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड छापलेले, मीटरवर ४४ च्या वर आले. ठीक. मशीन चालू केल्यावर घरातली हवा परत ओढणाऱ्या जाळीत ६६ अंश, बाहेर पडणारी हवा ८९. म्हणजे कॉम्प्रेसर उत्तम. ८९ फॅरनहाइटची हवा हाताला गारच वाटते, कारण आपलं अंगच ९८चं. हीट पंपाची हवा भट्टीसारखी भाजत नाही, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने मशीनच्या कंट्रोल बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या. फुस्स! पंखा थांबला आणि वाफेचा लोट उठला. आई खिडकीतून ओरडल्या, "हाच तो!" व्हॉल्व्ह चांगला, बोर्ड चांगला. फक्त बोर्डाला दंव आलंय हे सांगणारं कोणी नव्हतं. ते काम कॉइलच्या नळीवर बसवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या सेन्सरचं.

त्याने माझ्याकडे बर्फ घातलेलं ग्लासभर पाणी मागितलं. आई हळूच म्हणाल्या, "एवढ्या थंडीत बर्फाचं पाणी? चहा दे त्याला." पाणी सेन्सरला हवं होतं. बर्फाच्या पाण्यात, म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटला, या सेन्सरचा रोध साधारण ३२-३३ हजार ओहम यायला हवा. ७७ अंशांना १० हजार. आमच्या सेन्सरचा कधी बरोबर येई, कधी मीटर काहीच दाखवेना. वायर जरा हलवली की आकडा गायब. मशीनच्या थरथरीने ती वायर पत्र्याच्या कडेला घासून आतून तुटली होती. ते त्याने माझ्या बोटालाच लावून दाखवलं.

चहा मात्र दिला. आलं घालून. तिळाच्या वड्याही दिल्या.

भाग दुसऱ्या दिवशी आला. बसवायला वीस मिनिटं लागली. या वेळी वायर कडेपासून लांब घेऊन त्याने क्लिपने बांधली. मी विचारलं, गॅसचं प्रेशर मोजणार नाही का? तो म्हणाला, तापमानं बरोबर आहेत, उगाच गेज लावले की दर वेळी थोडा गॅस जातो. व्हिजिटचे ९५, सेन्सरचे ३८, मजुरीचे १४०. एकूण २७३ डॉलर. बिलावर त्याने जुन्या आणि नव्या सेन्सरचे आकडे लिहून दिले. तो कागद मी १३,८०० च्या कोटेशनशेजारी फाइलला लावलाय.

जानेवारीचं विजेचं बिल ४१२ डॉलर आलं, आदल्या वर्षी त्याच महिन्याचं २३६ होतं. ती किंमत मी 'ऑक्स हीट' बघून गप्प बसले त्याची. पुढच्याच आठवड्यात मोठी थंडीची लाट आली, पारा २० फॅरनहाइटच्या खाली गेला. तेव्हाही ऑक्स हीट लागली, पण तेव्हा ती लागायलाच हवी होती. अंगावर येणारी गोष्ट म्हणजे ३८-४० अंशांच्या साध्या दिवशी ती तासन् तास चालू असणं. तसं दिसलं तर बाहेर जाऊन मशीनवर बर्फ आहे का ते बघा.

फेब्रुवारीत एका पावसाळी सकाळी मी कामावरून उठून आईंच्या खोलीत गेले. बाहेर धुकं, कॉइलवर पांढरी साय धरलेली. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, मांडीवर माझं लेकरू, पायावर शाल. मी काही बोलणार, तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. आम्ही तिघं थांबून राहिलो. पंखा थांबला. मग आतून फुस्स झालं आणि वाफ काचेपर्यंत वर आली.

"सोडला," आई म्हणाल्या आणि पायावरची शाल काढून घडी घालायला लागल्या.