एल्फिन्स्टन वंशावळ, कामाची नोंद : तेरावे लॉर्ड जॉन (1807–1860)

या टप्प्यात तेराव्या लॉर्डचा जीवनपट जन्मापासून (23 जून 1807) मृत्यूपर्यंत (19 जुलै 1860) तारीखवार लागला. स्कॉटिश उमराव, रॉयल हॉर्स गार्ड्समधला अधिकारी, दोन राजवटींत दरबारी मानकरी, मग मद्रास आणि मुंबईचा गव्हर्नर. माणूस एकच, पण कागदपत्रांत तो फक्त ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ म्हणून येतो, आणि त्या नावाचे इतरही आहेत. वंशावळ बिघडते ती इथेच.

आपल्याकडचा सर्वांत मोठा घोळ काका-पुतण्यांचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (1779–1859) हे अकराव्या लॉर्डचे धाकटे पुत्र. थोरला भाऊ बारावा लॉर्ड झाला, म्हणून माउंटस्टुअर्ट यांना लॉर्डपद कधीच मिळालं नाही. 1819 ते 1827 मुंबईचे गव्हर्नर ते. एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव त्यांच्यावरून. जॉन हे बाराव्या लॉर्डचे पुत्र, म्हणजे माउंटस्टुअर्ट यांचे सख्खे पुतणे, गव्हर्नर 1853 ते 1860. एल्फिन्स्टन रोड स्टेशन (2018 पासून प्रभादेवी) आणि एल्फिन्स्टन सर्कल (1947 नंतर हॉर्निमन सर्कल) ही नावं पुतण्याची. कागदावर ‘ऑनरेबल’ असेल तर काका, ‘लॉर्ड’ असेल तर पुतण्या, ही कसोटी मुंबईपुरती चांगली चालते. काबूलच्या माघारीचे जनरल विल्यम एल्फिन्स्टन हे चुलत घराण्यातले. ते 1842 मध्ये अफगाणांच्या कैदेत वारले आणि जॉन यांची मद्रासची कारकीर्दही त्याच वर्षी संपली, म्हणून ‘एल्फिन्स्टन, 1842’ एवढीच चिठ्ठी सापडली तर ती कुणालाही जोडू नका.

ग्रॅम्प्समध्ये (वंशावळ ठेवण्याचं सॉफ्टवेअर) भरताना आडनावाच्या रकान्यात फक्त ‘एल्फिन्स्टन’ ठेवा. लॉर्डपद ही स्वतंत्र घटना करा आणि तिला सुरुवातीची तारीख द्या, इथे 1813, वडिलांच्या मृत्यूचं वर्ष. पदवी नावातच चिकटवली की शोधात अकरावे, बारावे आणि तेरावे (तिघेही जॉन) एका रांगेत येतात आणि ‘दुहेरी नोंदी एकत्र करा’ या सोयीने चुकून एकच माणूस होतो.

तारखांचे दोन प्रकार गल्लत करायला लावतात. ‘1835 ते 1837’ हा सलग कालावधी असेल तर ‘फ्रॉम–टू’ वापरा. ‘बिट्वीन–अँड’ टाकलं तर अर्थ होतो की एकच घटना या दोन वर्षांच्या मध्ये कधीतरी घडली. नोकऱ्या आणि पदांना नेहमी पहिला प्रकार. घराण्याच्या मुळाशी असलेली तारीख तर याहून नाजूक. पहिले लॉर्ड अलेक्झांडर यांना पदवी मिळाली ती कुठे 1509 तर कुठे 1510 दिसते, आणि दोन्ही बरोबर आहेत. स्कॉटलंडचं वर्ष 1600 पर्यंत 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे पदवी मिळाली तो जानेवारी महिना जुन्या वर्षात मोजला जाई. नोंद ‘1509/10’ अशी जोडून करा. (तेच अलेक्झांडर 1513 मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडले.)

लष्करी भाग लहान आणि सरळ आहे: 1826 मध्ये कॉर्नेट (घोडदळातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी), 1828 लेफ्टनंट, 1832 कॅप्टन.

दरबाराची नोंद मात्र एका ओळीत कोंबू नका, तिचे तीन तुकडे करा. चौथ्या विल्यमकडे 1835–37, व्हिक्टोरियाकडे 1847–52, पुन्हा 1853 मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर. मधल्या फटी या मूळ कागदातल्या चुका नाहीत. त्यांचं दरबारी पद म्हणजे लॉर्ड-इन-वेटिंग (राजाच्या सेवेत हजर राहणारा उमराव). ते राजाच्या घरातलं असलं तरी नेमणूक सरकारच्या पक्षाप्रमाणे बदलत असे. एप्रिल 1835 मध्ये पंतप्रधान म्हणून मेलबर्न सत्तेवर आले तेव्हा हे आत आले. फेब्रुवारी 1852 मध्ये रसेल सरकार पडलं आणि बाहेर गेले. अॅबरडीन आल्यावर परतले. मंत्रिमंडळांची यादी शेजारी ठेवली की तिन्ही तुकडे आपसूक जागेवर बसतात.

आणखी एक सापळा: पंधरावे लॉर्ड विल्यमही व्हिक्टोरियाचे लॉर्ड-इन-वेटिंग होते. 1874 नंतरची कुठलीही दरबारी नोंद त्यांची.

आता ती प्रसिद्ध अफवा. व्हिक्टोरियाचा यांच्यावर जीव जडला म्हणून यांना मद्रासला धाडलं, असं सांगतात, आणि बऱ्याच ठिकाणी ‘राणी’ हा शब्द येतो. तारखा ते मान्य करत नाहीत. मद्रासचा कारभार त्यांनी मार्च 1837 मध्ये हाती घेतला आणि व्हिक्टोरिया गादीवर आली 20 जून 1837 ला. तेव्हाच्या समुद्रप्रवासाला लागणारे महिने वजा केले तर नेमणूक त्याहूनही मागे जाते. म्हणजे अफवा खरी धरली तरी ती राजकन्येबद्दलची. वंशावळीत ही गोष्ट ‘टीप’ म्हणूनच ठेवा, घटना म्हणून नको.

बिनतारखेचं चित्र किंवा पत्र असेल तर नावापुढची अक्षरं पाहा. जीसीएच हा हॅनोव्हरचा गेल्फिक सन्मान 1836 चा. विल्यम हॅनोव्हरचाही राजा होता, म्हणून तो त्याच्या हातून मिळत असे. जीसीबी हा ब्रिटनचा बाथ सन्मान 1858 चा. पहिला आहे आणि दुसरा नाही, तर कागद या 22 वर्षांतला.

मुंबईचा काळ 26 डिसेंबर 1853 पासून. पहिली आगगाडी त्याच वर्षीच्या 16 एप्रिलची, म्हणजे तिचं श्रेय यांच्या खात्यात घालू नये. मुंबई विद्यापीठाचे पहिले कुलपती मात्र हेच (1857). त्या वर्षाच्या रकान्यात इंग्रजी चरित्रं ‘प्रांत शांत ठेवला’ एवढंच लिहून पुढे जातात. आपल्या जीवनपटात त्या शांततेचा तपशील हवाच: 31 जुलैला कोल्हापुरात 27 व्या पलटणीचा उठाव, 8 सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना मृत्युदंड, त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम, 15 ऑक्टोबरला मुंबईच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. पुढच्या वर्षीचा जीसीबी आणि 21 मे 1859 ची बॅरनपदवी याच ओळींच्या खाली यायला हवी. वेगळ्या पानावर गेली तर सन्मान कशाबद्दल होता ते वाचणाऱ्याला कळत नाही.

ही बॅरनपदवी स्कॉटिश लॉर्डपदाहून वेगळी मोजा. 1707 च्या एकीकरणानंतर स्कॉटिश उमरावाला वरिष्ठ सभागृहात आपोआप जागा नव्हती, 16 जण निवडून जात. नव्या पदवीने ती जागा कायमची झाली, पण लॉर्ड जॉन अविवाहित वारले आणि पदवी चौदा महिन्यांतच संपली. 1885 मध्ये पंधराव्या लॉर्डला मिळालेली त्याच नावाची पदवी ही दुसरी निर्मिती. दोन्ही एकाच धाग्यात ओवू नका.

मुख्य लॉर्डपद गेलं चुलतभावाकडे, अॅडमिरल चार्ल्स यांचे पुत्र जॉन. यांचं आडनाव एल्फिन्स्टन-फ्लीमिंग असं जोडून येतं, त्यामुळे ‘फ्लीमिंग’ नावानेही शोध घ्यावा लागेल. पुढचा टप्पा तिथून.