ओल्या वाळूतूनच का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि प्रत्येक फेरीत कोणी ना कोणी विचारतेच म्हणून, एकदा नीट लिहिते. दिवसभर पक्षी पाहत किनाऱ्याने चालायचे असताना मी सगळ्यांना वरची कोरडी वाळू सोडून भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूतून का नेते? बूट भिजतात, हे मला कळते. हा हट्ट आहे, हेही मान्य. पण तो शिस्तीचा सोस नाही.

काही वर्षांपूर्वी, विणीच्या हंगामात, आम्ही सहा जण कोरड्या वाळूतून चाललो होतो. अचानक पुढ्यात एक केंटिश चिखल्या, उघड्या वाळूतच अंडी घालणारा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी, मोडका पंख ओढत असल्यासारखा फरफटत निघाला. हे सोंग असते, शत्रूला घरट्यापासून लांब नेण्यासाठी केलेले, हे मला ठाऊक होते. म्हणजे घरटे जवळच आहे, हेही ठाऊक होते. तरीही मी सगळ्यांना तिथेच थांबवून, मोठ्या हौसेने, ते समजावून सांगत राहिले. दुर्बीण नीट धरता यावी म्हणून एक मैत्रीण दोन पावले मागे सरकली. पायाखाली शिंपला फुटला, असे तिला वाटले. उथळ खळग्यात तीन अंडी होती, वाळूच्याच रंगाची, काळसर रेघोट्यांची. त्यांतल्या दोन अंड्यांचा बलक वाळूत जिरत होता. आम्ही ताबडतोब दूर झालो. पक्षी तिसऱ्या अंड्यावर परतला का, ते दिसले नाही.

‘तुला काय कल्पना!’ अशी माझी समजूत घातली जाते. मला कल्पना होती. तेव्हाची मी म्हणेल की, दाखवल्याशिवाय माणसांना पक्ष्यांची ओढ लागणार कशी? हे खोटे नाही. त्या दिवशीचे दोघे आजही माझ्याबरोबर येतात.

शिवाय ओली वाळूही मोकळी नसते. हिवाळ्यात तुतारी आणि चिखले हे किनाऱ्यावरचे पक्षी ओहोटीच्या मोजक्या तासांत तिथेच पोट भरतात. 2022 साली गॉडविट या लांब चोचीच्या किनारपक्ष्यांपैकी एकाने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर अंतर कुठेही न उतरता कापले. अशा प्रवासाची चरबी साठते ती अशाच चिखलवाळूत चरून. गेल्या हिवाळ्यात आमच्या चालण्याने एकच थवा चार वेळा उठला, मी मोजले. तेव्हा सगळ्यांना वर चढवायला हवे होते. वर त्या दिवसांत अंडी नसतात, हे पुरते ठाऊक असूनही माझे पाऊल कोरड्या वाळूकडे वळले नाही.